गणपती गेल्यावरचं पहिलं माशांचं जेवण, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

लग्न होऊन मालवणकडच्या घरात आले तेव्हा बांगडा कुठला आणि सुरमई कुठली हेही मला ओळखता यायचं नाही. मी कराडची, आमच्याकडे वर्षातनं दोन-चार वेळा नदीतला मासा यायचा, तोही आजी परसात वेगळी चूल मांडून करायची. आणि इथे सासरी बघते तर गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सगळं घर जागं, सासरे पिशव्या घेऊन दारात उभे, सासूबाई अंगणात नारळ खवतायत आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी असल्यासारखा आनंद. तेव्हा कळलं की हाही एक सणच आहे, फक्त कालनिर्णयमध्ये त्याला नाव नाही.

कारण बघा ना, 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना समुद्रबंदी. पावसाळा हा बऱ्याच माशांचा अंडी घालायचा काळ आणि समुद्रही खवळलेला, म्हणून हे 61 दिवस जाळी किनाऱ्यावर. मग श्रावण, त्यात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या बाहेर पडतात पण ज्यांच्या घरात श्रावण पाळतात त्यांच्या ताटात काही मासा येत नाही, त्यादिवशी नारळी भात. मग लगेच गणपती. म्हणजे पाळणाऱ्या घरात दीड महिना तरी ताट कोरडं, आणि त्याच्याआधीचे दोन महिने सुक्या बांगड्यावर, सुक्या जवळ्यावर आणि खाडीतल्या माशांवर काढलेले. त्यामुळे त्या पहिल्या जेवणाची वाट बघणं काय असतं ते कोकणातल्या माणसाला विचारा.

दरवर्षी आमच्या बिल्डिंगमधली कोणी ना कोणी नवीन मुलगी, किंवा हल्ली मुलगेपण, मला विचारतात की ताई हे सगळं कसं करायचं, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतेय. सहा माणसांचा हिशोब धरलाय. बेत असा: बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, सुरमईच्या तळलेल्या तुकड्या, कोळंबीचं सुकं, सोलकढी, भात आणि तांदळाच्या भाकऱ्या.

सुरू करायच्या आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा, मसाला आदल्या दिवशी आणि मासा त्याच दिवशी. आपल्याकडची भाद्रपदातली दमट गरमी माशाची वैरी आहे, म्हणून जे जे काम माशाशिवाय होऊ शकतं ते सगळं आधी उरकून ठेवायचं म्हणजे मासा घरात आल्यापासून ताटात जाईपर्यंत कमीत कमी वेळ जातो. नवीन माणसं नेमकं उलटं करतात, मासा आणून ओट्यावर ठेवतात आणि मग नारळ फोडायला बसतात.

आधी दिवस नक्की करा

हे साधं वाटतं पण भांडणं इथेच होतात. आमचे गणपती गौरीबरोबर जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही मोकळे. पण तो दिवस सोमवार, गुरुवार किंवा शनिवार असला की घरात कोणाचा तरी वार असतोच, किंवा मध्येच एकादशी निघते. अनंत चतुर्दशीपर्यंत गणपती असणारी घरं पुढे पितृपक्षात अडकतात, काहीजण त्यात खात नाहीत, आणि मग नवरात्र आलंच. म्हणून आठ दिवस आधीच घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या, गृहीत धरू नका.

आणि सगळ्यांचं सारखं नसतं हेही लक्षात असू द्या. सासूबाईंच्या माहेरी तर गौरीपूजनाच्याच दिवशी गौराईला तिखटाचा नैवेद्य असतो, कोंबडी, मासे, कुर्ल्या (खेकडे), जे मिळेल ते. आणि तो दाखवताना गणपती आणि गौरीच्या मध्ये पडदा धरतात, कारण बाप्पा शाकाहारी. मला पहिल्यांदा ऐकून धक्काच बसला होता, पण माहेरी आलेल्या लेकीला तिच्या आवडीचं जेवू घालायचं यात चुकीचं काय आहे, आता मला ती पद्धत फार गोड वाटते. तुमच्या सासरी असेल तर मनापासून करा, नसेल तर दुसऱ्याला नावं ठेवू नका.

शहरात राहत असाल तर अजून एक, आपले गणपती गेले तरी शेजारच्यांचे किंवा सोसायटीचे अजून बसलेले असू शकतात. त्यादिवशी दार-खिडक्या उघड्या टाकून तळायला बसायचं नाही आणि जिन्यातनं माशाचं पाणी ठिबकत न्यायचं नाही.

आदल्या रात्री काय काय करायचं

तीन नारळ लागतील. एक वाटपाला, दोन सोलकढीला. (वाटणाला आमच्याकडे वाटप म्हणतात.) नारळ आदल्या रात्री खवून डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. बाजारात निघायच्या आधी, पहाटे, आठ-दहा बेडगी मिरच्या गरम पाण्यात भिजत टाका. एक मोठा चमचा धणे, अर्धा छोटा कांदा, अर्धा चमचा हळद काढून ठेवा. आलं-लसूण वाटून ठेवा. तांदळाचं पीठ आणि बारीक रवा निम्मा निम्मा एका ताटात मिसळून ठेवा. आमसुलं, आगळ (कोकमाचा मीठ घातलेला दाट रस), तिरफळं, मालवणी मसाला हे सगळं घरात आहे ना ते आजच बघा, उद्या सकाळी वाण्याकडे पळापळ नको.

तिरफळाबद्दल सांगते कारण घाटावरच्या लोकांना ते माहितीच नसतं. छोटं, सुकलेलं, तोंड उघडलेलं फळ, आत काळी चकचकीत बी असते ती काढून टाकायची, ती कडवट लागते, कामाचं असतं ते फक्त साल. वास असा की एकदा डोक्यात बसला की जात नाही, आणि जिभेवर ठेवलं तर जीभ मुंग्या आल्यासारखी बधिर होते. हे बांगडा, तारली असल्या तेलकट माशांनाच घालायचं. पापलेटच्या कालवणात घालू नका, त्याची नाजूक चव मरते. आणि वाटपात घालून मिक्सरमधनं काढायचं नाही, नुसतं ठेचायचं.

एक थर्माकोलचा डबा किंवा जुना वॉटरबॅगसारखा जाड डबा शोधून ठेवा आणि फ्रीजरमध्ये भरपूर बर्फ करून ठेवा. हे का ते पुढे सांगते.

बाजार

सकाळी लवकर जा. मुंबईत भाऊचा धक्का किंवा 1875 सालचं ससून डॉक, दोन्हीकडे पहाटेच लिलाव सुरू होतो, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथे जाऊ नये असं माझं मत. तिथे मोठ्या मापात माल, घाई, ओलं, धक्काबुक्की, आणि तुम्हाला हवेत आठ बांगडे. आपल्या जवळच्या मार्केटमध्ये जा, एका कोळीण मावशीशी ओळख ठेवा आणि शक्यतो तिच्याकडूनच घेत जा. ठरलेल्या गिऱ्हाईकाला ती खराब मासा देत नाही. "मावशी, आज काय चांगलं आहे?" हा प्रश्न विचारायचा, आणि ती म्हणाली की आज सुरमई नको घेऊ, तर खरंच घ्यायची नाही. भाव करा, पण तिला दुखावेल असा पाडून मागू नका, ती रात्री दोनला उठलेली असते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भाव चढे असणार हे धरून चाला.

सासूबाईंचं एक वाक्य मी कायम लक्षात ठेवते, "गो, मासो डोळ्यांनी घेवचो, नावान नाय." म्हणजे घरून सुरमई ठरवून गेलो म्हणून शिळी सुरमई घेऊन यायचं नाही. ताजा बांगडा हा शिळ्या पापलेटपेक्षा केव्हाही मोठा.

आता डोळ्यांनी काय बघायचं ते. माशाचा डोळा फुगीर, काचेसारखा स्वच्छ हवा, खोल गेलेला, पांढुरका झालेला डोळा नको. कल्ला उचलून बघा, आत लालबुंद पाहिजे, तपकिरी पडला असेल तर सोडा. बोटाने पाठीवर दाबा, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. पोट घट्ट हवं, बांगड्याचं पोट मऊ पडलेलं असेल, फुटायला आलेलं असेल तर तो आजचा नाही. वास समुद्राचा यावा, नाकात जाणारा उग्र वास नको. पापलेट घ्यायचं झालं तर कल्ल्याजवळ दाबून बघतात, दुधासारखं पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर पाणी आलं तर जुनं. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट चिकटलेलं हवं, लोंबतंय किंवा काळं पडलंय तर नको. तिसऱ्या (शिंपल्या) घेत असाल तर तोंड मिटलेल्याच घ्या, उघडी असेल तिला टिचकी मारा, मिटली तर जिवंत, नाही मिटली तर बाजूला काढा. कुर्ल्या जिवंत आणि हातात जड लागणाऱ्या. जुनी माणसं अमावस्येच्या कुर्ल्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ म्हणतात आणि मीही त्याच हिशोबाने घेते.

सुरमई आधीच कापून ठेवलेली घेऊ नका. अख्खी बघा, डोळा-कल्ला बघा आणि मग समोर कापून घ्या. तुकडी करंगळीएवढी जाड सांगा, फार पातळ केली तर तळताना कोरडी होते, फार जाड केली तर आत कच्ची राहते. सहा माणसांना किलो-सव्वा किलोची सुरमई पुरते. डोकं टाकून देऊ नका, मागून घ्या, कालवणाला त्याच्यासारखं काही नाही. बांगडे मध्यम आठ, कोळंबी अर्धा ते पाऊण किलो.

पापलेटबद्दल मनापासून एक विनंती आहे. 2023 साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, आणि तरी आजही मार्केटमध्ये तळहातापेक्षा लहान पिल्लं ढिगाने दिसतात. त्याचं कायद्याने ठरलेलं कमीत कमी माप 135 मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण सव्वापाच इंच. त्याहून लहान घेऊच नका. स्वस्त मिळतं म्हणून घेतलेलं ते पिल्लू एकदाही अंडी न घालता संपलेलं असतं. पालघरकडच्या सातपाटी गावचे मच्छीमार पापलेट कमी होत चालल्याचं किती वर्षं सांगतायत. आपण गिऱ्हाईकांनी हात आखडता घेतला तर पिल्लं पकडणं आपोआप कमी होईल असं मला खरंच वाटतं.

मार्केटमध्ये मासा सगळ्यात शेवटी घ्या. कोथिंबीर, लिंबं, कांदे आधी, मासा शेवटी, आणि मग सरळ घरी.

बर्फ का म्हणते मी

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. दुपारी येता येता रस्त्याकडेला एकाकडे बांगडे दिसले, दिसायला बरे होते, घेतले. प्लास्टिकच्या पिशवीत, बर्फ नाही, आणि पुढे दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये. घरी आल्यावर धुतले, व्यवस्थित शिजवले, वास नाही काही नाही. जेवून अर्धा तास झाला नाही तर माझा आणि नवऱ्याचा चेहरा लालबुंद, अंगाला खाज, डोकं ठणकतंय. आम्हाला वाटलं ॲलर्जी. डॉक्टरांनी विचारलं बांगडा होता का, किती वेळ बाहेर होता, आणि मग समजावून सांगितलं की बांगडा, सुरमई, टूना असले मासे गरम राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते एकदा झालं की कितीही उकळा, तळा, जात नाही. वासावरून, चवीवरून कळेलच असंही नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही बरे झालो, पण तेव्हापासून बर्फाशिवाय मी मासा घरी आणत नाही. तेवढ्याने बांगडा सोडू नका, फक्त त्याला थंड ठेवा.

कसं ठेवायचं: डब्यात खाली बर्फाचा थर, वर मासा, वर परत बर्फ. जेवढा मासा तेवढाच बर्फ असं माप धरा. मासा पिशवीत बांधलेला असू दे म्हणजे वितळलेल्या पाण्यात भिजत पडणार नाही. मावशीला सांगितलं तर तीही मूठभर बर्फ टाकून देते.

घरी आल्यावरचा पहिला तास

मावशीने कापून दिलं असेल तर निम्मं काम झालं. तरी बघून घ्या. बांगड्याचे कल्ले आणि पोटातली घाण पूर्ण निघाली पाहिजे, पोटाच्या आत कण्याला चिकटलेली काळपट लाल रेघ असते ती बोटाने खरवडून काढायची, कडवटपणा तिथेच असतो. बांगड्याला दोन्ही बाजूंनी दोन-दोन तिरक्या चिरा. कोळंबी सोलायची, पाठीवर सुरीने चीर देऊन काळा दोरा ओढून काढायचा. थंड पाण्याने दोन-तीनदा धुवायचं, पण तुकड्या पाण्यात बुडवून ठेवायच्या नाहीत, माशाची चव पाण्यात जाते.

आता तीन भांडी करा. बांगड्याला फक्त मीठ-हळद. कोळंबीला मीठ-हळद आणि अर्धा चमचा आलं-लसूण. सुरमईला मीठ, हळद, एक मोठा चमचा आगळ, आलं-लसूण, दीड-दोन चमचे मालवणी मसाला, हाताने हळूच चोळून. आगळात मीठ असतं हे विसरू नका, मीठ कमीच घाला. तिन्ही भांडी झाकून फ्रीजमध्ये. अर्धा-पाऊण तास पुरतो, रात्रभर मुरवायला ते मटण नाही.

आणि लगेच कचरा. कल्ले, आतडी, कोळंबीची सालं हे सगळं पेपरात गुंडाळून पिशवीत बांधून फ्रीजरच्या एका कोपऱ्यात ठेवा आणि कचऱ्याची गाडी येईल तेव्हा द्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण या हवेत डस्टबिनमध्ये ठेवलंत तर दुपारपर्यंत घरात बसवणार नाही.

तिखलं

भिजलेल्या मिरच्या, एका नारळाचं खोबरं, धणे, हळद, कांदा, थोडं पाणी, आणि मिक्सर. इथे थांबायचं नाही, परत परत फिरवा, वाटप गंधासारखं बारीक व्हायला हवं. बोटांत चोळून बघा, रवाळ लागलं तर अजून फिरवा. सासूबाई पाट्यावर वाटायच्या तेव्हा वरवंट्यावरनं वाटप सरकन खाली घसरलं की म्हणायच्या झालं. मिक्सरला ती खूण नाही, त्यामुळे बोटावरच विश्वास ठेवा.

मातीचं भांडं असेल तर उत्तम, नाहीतर पसरट पातेलं. वाटप त्यात काढा, मिक्सरचं भांडं विसळून ते पाणी घाला, पण पातळ करू नका, तिखलं दाटसर असतं. फोडणी नाही, तेल नाही. मध्यम आचेवर ठेवा, उकळी आली की सहा-सात ठेचलेली तिरफळं, पाच-सहा आमसुलं, मीठ. दोन मिनिटं उकळू द्या म्हणजे वाटपाचा कच्चा वास जातो. मग बांगडे एकेक करून सोडा.

इथून पुढे चमचा घालायचा नाही. बांगडा शिजताना मऊ असतो, चमचा घातला की मोडतो. पातेलं दोन्ही बाजूंनी कपड्याने धरायचं आणि गोल हलवायचं, रस सगळीकडे फिरतो आणि मासा जागचा हलत नाही. सात-आठ मिनिटांत होतो. डोळा पांढरा झाला आणि चिरेतलं मांस कण्यापासून सुटायला लागलं की गॅस बंद. वरनं एक चमचा कच्चं खोबरेल तेल सोडा आणि झाकण ठेवा. खोबरेल म्हटलं की घाटावरची माणसं तोंड वाकडं करतात, मीही केलं होतं, पण एकदा घालून बघा, झाकण उघडल्यावर जो वास येतो तो दुसऱ्या कुठल्याच तेलाने येत नाही. अर्धा तास तसंच राहू द्या, आमसुलाचा आंबटपणा तेवढ्यात माशात उतरतो.

कोळंबीचं सुकं

हे पटकन होतं. तेलात दोन कांदे बारीक चिरून लालसर, दीड चमचा मालवणी मसाला, कोळंबी, दोन-तीन आमसुलं, शेवटी मूठभर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. कोळंबी घातल्यापासून चार-पाच मिनिटं, फार तर सहा. वळून अर्धगोल झाली की झाली, पूर्ण गोल गुंडाळली गेली म्हणजे जास्त झाली आणि रबरासारखी लागणार.

सोलकढी

दोन नारळांचं खोबरं, दोन हिरव्या मिरच्या, चार-पाच लसूण पाकळ्या, कोमट पाणी घालून वाटा आणि पातळ कपड्यातून घट्ट पिळा. तोच चोथा परत पाणी घालून वाटून दुसरं दूध काढा. दोन्ही एकत्र, साधारण सव्वा-दीड लिटर होईल. आगळ एकदम ओतू नका, चमच्या-चमच्याने घाला आणि चाखत जा, फिका गुलाबी रंग आला आणि जीभ किंचित आवळली की थांबा. मीठ सगळ्यात शेवटी, चाखूनच. कोथिंबीर वरनं. लगेच फ्रीजमध्ये, नारळाचं दूध या हवेत दोन-तीन तासांत आंबतं, म्हणून सकाळची सोलकढी रात्री वाढायची नाही. गरम तर करायचीच नाही, फुटते. रंग येत नाही म्हणून बीट घालणारे लोक आहेत, मला ते अजिबात पटत नाही, चांगलं आगळ आणा, रंग आपोआप येतो.

तळणं सगळ्यात शेवटी

पानं मांडली, भात तयार, भाकऱ्या होत आल्या, मगच तवा चढवायचा. तळलेली तुकडी वाट बघत नाही, दहा मिनिटांत मऊ पडते. फ्रीजमधनं सुरमई पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. तवा चांगला तापू द्या, तेल सढळ, पिठात तुकडी दोन्ही बाजूंनी दाबून घोळवा, जास्तीचं झटका आणि तव्यात सोडा. चर्र आवाज आला पाहिजे, नाही आला तर तेल तापलेलं नाही, तुकडी उचलून घ्या आणि थांबा. एकावेळी चार-पाचच. आणि हात लावू नका! नवीन माणूस दर अर्ध्या मिनिटाला उलथणं घालतो आणि पीठ तव्याला, मासा उलथण्याला. तीन-चार मिनिटांनी कडा सोनेरी दिसल्या की ती स्वतःहून सुटते, तेव्हा एकदाच उलटायची. दुसरी बाजू अजून तीन मिनिटं.

वाढताना भात, तिखलं, बाजूला तुकडी, सुकं, कांदा, लिंबाची फोड, वाटीत सोलकढी. भात उकड्या तांदळाचा असेल तर काय सांगू. लहान मुलांना बांगडा देताना काटे काढूनच द्या, मधला कणा अख्खा उचलता येतो पण पोटाच्या बाजूचे बारीक काटे राहतात. पाहुण्यांना आधीच विचारून ठेवा, कोळंबी, कुर्ल्या काहींना खरोखरच्या ॲलर्जीमुळे चालत नाहीत आणि ते गंभीर होऊ शकतं.

बाहेरगावी, परदेशी असाल तर

मालवणीत पापलेटला सरंगा म्हणतात, सुरमईला इसवण, कोळंबीला सुंगटं, त्यामुळे सासरच्या यादीतली नावं मार्केटमध्ये सांगताना घोळ होतो. परदेशात तर अजूनच. आपली सुरमई ऑस्ट्रेलियात स्पॅनिश मॅकरेल नावाने मिळते, आणि आपण बांगड्याला इंडियन मॅकरेल म्हणतो, त्यामुळे नुसतं मॅकरेल वाचून घेतलंत तर भलताच मासा घरी येईल. आखातात सुरमईला कनद म्हणतात. माझी नणंद सिडनीत असते, तिकडे ख्रिसमस ऐन उन्हाळ्यात येतो आणि लोक भाजलेल्या टर्कीपेक्षा थंडगार कोळंबीवर ताव मारतात, तिथल्या फिश मार्केटमध्ये ख्रिसमसच्या आधी सलग 36 तास विक्री चालते. ती सांगते की तिथेही सगळे बर्फाचे डबे घेऊनच रांगेत उभे असतात, आणि ती त्याच रांगेतून सुरमई आणून 25 डिसेंबरला तिखलं करते. तिरफळं मात्र आम्ही इथून पाठवतो.

उरलंसुरलं

जेवणं झाल्यावर कालवण ओट्यावर ठेवून झोपायला जाऊ नका. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढून चांगली उकळी आणायची, सगळं पातेलं परत परत गरम करायचं नाही. आणि ते सकाळीच खा, घावण्यांबरोबर. तिरफळ रात्रीतनं पूर्ण उतरलेलं असतं, रस दाटलेला, बांगडा आतपर्यंत आंबट-तिखट झालेला. आमच्याकडे आदल्या दिवशी जेवताना सगळ्यांना सांगून एक बांगडा मुद्दाम बाजूला काढून ठेवतात, तो सकाळी सासूबाईंचा.